चायना ऑरेंज, कागदी, कुमक्वाट… छोटी लिंबं ओळखायची, आणायची आणि वाढवायची कशी

तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून एक झाड आणलं, मोठ्या बोराएवढी केशरी फळं लगडलेली आणि पाटीवर लिहिलेलं ‘चायना ऑरेंज’. घरी आल्या आल्या भाच्याने एक सोललं, अख्खं तोंडात टाकलं आणि त्याचं जे तोंड झालं ते बघून आई म्हणाली अरे आधी पाणी द्या त्याला. मी दोन दिवस नर्सरीवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो. नंतर कळलं की झाड एकदम बरोबर होतं, मीच त्याला संत्रं समजत होतो. फिलिपिन्समध्ये याच फळाला कलामान्सी म्हणतात, आणि तिकडे ते कोणी सोलून खात नाही, आपण लिंबू पिळतो तसं जेवणावर पिळतात, तेही बहुतेक हिरवं असतानाच.

तेव्हापासून मी लिंबूवर्गीय छोट्या फळांच्या बाबतीत एकच नियम पाळतो, आधी फळ बघायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. कारण या घराण्यात नावाइतकं फसवं काहीच नाही. ज्यांना बाल्कनीत एखादं झाड लावायचंय, किंवा परदेशात गेल्यावर लोणच्यासाठी नेमकं काय उचलायचं कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पायरी १: आधी आपल्याच घरातला घोळ निस्तरा

दुसऱ्या भाषांना हसण्याआधी आपली मराठी बघा. लिंब म्हणजे कडुलिंब, लिंबू म्हणजे पिळायचं. पण विभक्ती लावली की दोघांचंही ‘लिंबाचा’ होतं. लिंबाचा पाला म्हटलं की कडुलिंब, लिंबाचा रस म्हटलं की लिंबू, आपण कधी चुकत नाही पण मराठी शिकणाऱ्या एखाद्याला हे समजावून बघा. निंबोळी म्हणजे कडुलिंबाचं फळ आणि लिंबोणी म्हणजे लिंबाचं झाड (आता इथे पण बघा, ‘लिंबाचं’ झाड!). नवीन बाग करणारे बरेच जण विचारतात की निंबोळी अर्क लिंबाच्या बियांचा असतो का. नाही हो, तो कडुलिंबाचा. लिंबोणीवर फवारायला मात्र चालतो.

पुढे मोसंबी. नाव मोझांबिकवरून आलंय, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा देश. इंग्रजीत आपल्याकडचे लोक तिला बिनधास्त ‘स्वीट लाइम’ म्हणतात, पण आपले फळबागवाले तिला गोड संत्र्याच्या जातीत धरतात, लिंबात नाही. खरं गोड लिंबू म्हणजे साखरलिंबू, ते वेगळं फळ. त्यामुळे बाहेरच्या देशात दुकानात स्वीट लाइम मागितलं तर मोसंबी मिळेलच असं समजू नका.

कोकणात, गोव्यात पपनसाला तोरंजन किंवा तोरंज म्हणतात. फारसीत तुरंज म्हणजे मात्र म्हाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते जाड सालीचं फळ. म्हणजे नाव एका फळाचं आणि चिकटलं दुसऱ्याला. असं या घराण्यात सारखं होतं.

पायरी २: पाच मिनिटांची तपासणी

यासाठी सुरी, नख आणि जीभ एवढंच लागतं. आणि शक्य असेल तर झाडाचं एक पान, पान मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं.

*पान.* लिंबूवर्गीय झाडांच्या पानाच्या देठाला बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी छोटे पंख असतात. कागदी लिंबाला अरुंद पण नीट दिसणारे, पिवळ्या मोठ्या लेमनला जवळपास नसतातच, पपनसाला चांगले रुंद. आणि थाई जेवणात जी पानं टाकतात त्या मक्रूटला पंख इतका मोठा की एका देठावर एकाखाली एक दोन पानं जोडल्यासारखी वाटतात, ते एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही. मक्रूटला पूर्वी सगळीकडे काफिर लाइम म्हणायचे, तो पहिला शब्द दक्षिण आफ्रिकेत शिवी म्हणून वापरला गेलाय म्हणून आता बरेच जण मक्रूट म्हणतात, तुम्हीही तेच वापरा. मग पान चुरडून वास घ्या. कागदीचं पान चुरडलं की लिंबाचाच तरतरीत वास येतो. रोपवाटिकेत झाडाला फळ नसेल तेव्हा ही युक्ती फार कामाची.

*रंग.* यावर अजिबात विश्वास ठेवू नका. हिरवं ते लाइम आणि पिवळं ते लेमन हे साफ चूक आहे, आपलं कागदी लिंबू झाडावर पिकलं की पिवळंच होतं. संत्र्याची साल केशरी व्हायला रात्री गारठा लागतो, उष्ण दमट प्रदेशात आतून गोड झालेलं फळसुद्धा बाहेरून हिरवं राहतं. आणि चायना ऑरेंजचं तर वेगळंच, साल हिरवीगार आणि कापलं तर आत केशरी गर.

*काप.* आडवं कापा आणि फोडी मोजा. कुमक्वाटला (छोटं केशरी फळ, सालीसकट खातात ते) फोडी फार कमी, तीन ते सहाच्या आसपास, बाकी बहुतेकांना आठ-दहा किंवा जास्त. ऑस्ट्रेलियातलं फिंगर लाइम कधी हातात आलं तर ते मोडून बघाच, बोटासारखं लांबट फळ आणि दाबलं की आतून शिजवलेल्या साबुदाण्यासारखे सुटे दाणे बाहेर येतात, प्रत्येक दाण्यात आंबट रस.

*बी.* ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आणि कोणी करत नाही. बी नखाने सोला, दोन डाळिंब्या वेगळ्या करा. आत पांढरं दिसलं तर लिंबाकडचं किंवा मोसंबीकडचं, पिस्त्यासारखं हिरवट दिसलं तर संत्र्याकडचं किंवा कुमक्वाटकडचं. चायना ऑरेंजची बी आत हिरवी निघते, कारण ते मुळात संत्रं आणि कुमक्वाट यांचा संकर. रंगपूर नावाचं एक लिंबू आहे, दिसायला छोटं संत्रं, चवीला जाळ, त्याचीही बी आत फिकट हिरवी, कारण त्याची आई संत्र्याच्या कुळातली आणि बाप म्हाळुंग.

म्हाळुंगावरून आठवलं. आपलं कागदी लिंबूही म्हाळुंगाचंच पोर, दुसरी बाजू आग्नेय आशियातली एक रानटी जात. आणि पिवळं लेमन म्हणजे आंबट नारिंग आणि म्हाळुंग यांचं. म्हणजे लेमन आणि कागदी हे बापाकडून सावत्र भाऊ. देवीच्या हातात तेच फळ असावं हा योगायोग मला भारी वाटतो.

*साल.* आधी वास, मग धुऊन छोटासा तुकडा जिभेवर. बाकी फळांची साल कडू आणि गर खायचा, कुमक्वाटचं बरोबर उलटं, साल गोड आणि गर आंबट. म्हणून ते सोलायचं नाही, बोटांमध्ये जरा चोळायचं आणि सालीसकट चावायचं. चायना ऑरेंजची सालही बऱ्यापैकी गोडसर असते, कुमक्वाटकडून आलेला वारसा. दोघांत गोंधळ होत असेल तर लांबुळकं आणि सालीसकट खाता येणारं ते बहुतेक कुमक्वाट, गोल, दोन्हीकडून किंचित चपटं आणि पटकन सोललं जाणारं ते चायना ऑरेंज. कुमक्वाटच्या गोल जातीही असतात, तेव्हा शंका आली की फोडी मोजा.

पायरी ३: दुकानात काय मागायचं

ही पायरी लांब आहे, तुमचा भाग शोधा आणि बाकीचं गंमत म्हणून वाचा.

दक्षिणेत गेलात तर कन्नडमध्ये निंबे, तेलुगूत निम्मकाय, हे ओळखीचंच वाटतं. मल्याळममध्ये मात्र चेरुनारंगा, शब्दशः छोटं नारिंग. त्यांच्याकडे नारंगा हा घराण्याचा शब्द आणि लिंबू त्यातलं धाकटं. बंगालमध्ये घराण्याचा शब्द लेबू, म्हणून संत्रं म्हणजे कमला लेबू आणि पपनस म्हणजे बाताबी लेबू. बाताबी हे बटाव्हियावरून, म्हणजे आजचं जकार्ता. तेव्हा कोलकात्यात नुसतं लेबू म्हणून थांबू नका, पुढे काय ते सांगा, आणि गंधराज नावाचं सुवासिक लिंबू मिळालं तर सोडू नका, वरणभातावर त्याची नुसती साल किसली तरी घर घमघमतं.

आता मलेशिया, इंडोनेशिया. तिथे घराण्याचे शब्द लिमाउ आणि जेरुक. इंडोनेशियात जेरुक निपिस म्हणजे आपलं कागदी लिंबू, आणि निपिस म्हणजे पातळ. आपण सालीवरून कागदी म्हटलं, त्यांनी सालीवरूनच पातळ म्हटलं, एकमेकांना न विचारता. आणि मलेशियात चायना ऑरेंजला काय म्हणतात माहितीये, लिमाउ कस्तुरी! शब्द आपलाच, संस्कृतातला. मला विचाराल तर आपल्या नर्सऱ्यांनी पाट्या बदलून कस्तुरी लिंबू लिहावं, भाच्यासारख्यांचे दात तरी वाचतील. उत्तर भारतात याला हजारा म्हणतात, तेही वाईट नाही, झाड कसं लगडतं ते त्यात आलं. जपानी नाव शिकिकित्सू, चार ऋतूंचं नारिंग, कारण झाडाला जवळजवळ वर्षभर फूल-फळ असतं.

चिनी दुकानात जपून. जिन्जू म्हणजे सोनेरी नारिंग, हे कुमक्वाटचं नाव, कॅन्टोनीजमध्ये तेच गम-ग्वात आणि त्यावरूनच इंग्रजी कुमक्वाट. पण व्यवहारात चायना ऑरेंजलाही तेच नाव लावतात. तैवानला जिन्जूचं सरबत मागितलंत तर ग्लासात बहुतेक कस्तुरी लिंबू येईल. हाँगकाँगचं एक कुमक्वाट तर वाटाण्याएवढं असतं, चिनीत सोनेरी घेवडा अशा अर्थाचं नाव आणि जपानीतही त्याच्या नावात मामे म्हणजे शेंगेतला दाणाच आहे. युरोपात कुमक्वाट नेलं ते रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या स्कॉटिश माणसाने, १८४६ साली, म्हणून पुढे त्या झाडाला शास्त्रीय नाव फॉर्च्युनेला पडलं. काही जणांना तो शब्द फॉर्च्यून म्हणजे नशीब यावरून आलाय असं वाटतं, कारण चिनी नववर्षाला ही झाडं शुभ म्हणून दारात ठेवतात. तो निव्वळ योगायोग.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, जाळीच्या पिशवीत छोटी छोटी येतात ती की लाइम, तेच आपलं कागदी. मोठं हिरवं बिनबियांचं येतं ते पर्शियन लाइम, आपल्याकडे ज्याला सीडलेस लिंबू म्हणून रोपं विकतात ते. लोणच्याला कागदीच घ्या, पातळ साल लवकर मुरते. मेक्सिकन दुकानात लिमोन मागितलं की हिरवं छोटं मिळतं, स्पेनमध्ये तोच शब्द वापरला की पिवळं मोठं. ब्राझीलमध्ये लिमाव म्हणजे हिरवं आणि पिवळं हवं तर लिमाव सिसिलियानो, सिसिलीचं लिंबू म्हणायचं. फ्रान्समध्ये सित्रों म्हणजे लेमन, आणि इंग्रजीत जवळपास तसंच लिहिलेलं सिट्रन म्हणजे म्हाळुंग. जर्मनीत त्या मानाने सोपं, त्सिट्रोने पिवळं, लिमेटे हिरवं.

आखातातल्या लोकांना लूमी माहीत असेलच, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली काळपट कडक लिंबं. इराकमध्ये त्याला नूमी बसरा म्हणतात, फारसीत लिमू अमानी. एकाने बसरा बंदराचं नाव दिलं, दुसऱ्याने ओमानचं. मोसंबी, बाताबी, बसरा, रंगपूर, सगळीकडे फळाला गावाचं नाव, आणि बऱ्याचदा ते गाव नुसतं वाटेतलं. आमटीत एक लूमी भोक पाडून टाकून बघा, चिंचेचा डबा महिनाभर उघडणार नाही.

लाइम की लेमन यावर जे भांडतात ना, त्यांना सांगा मूळ शब्द एकच आहे. फारसी लिमू, अरबी लैमून, त्यातूनच दोन्ही इंग्रजी शब्द निघाले, आपलं लिंबूही त्याच गोतावळ्यातलं. ऑरेंज पण तसंच, संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा आणि इंग्रजीपर्यंत जाता जाता पुढचा ‘न’ गळून पडला. मेघालयातल्या गारो टेकड्यांमध्ये नोकरेकच्या जंगलात एक रानटी छोटं नारिंग आहे, गारो भाषेत मेमांग नारंग, म्हणजे भुताखेतांचं नारिंग, मृतांच्या विधींत वापरतात म्हणून. तिथेही नारंग शब्द आहेच बघा. आपल्या सह्याद्रीत माकडलिंबू म्हणून काटेरी झुडूप दिसतं, ते मात्र खरं लिंबू नव्हे, चुलत नातलग.

पायरी ४: झाड लावताना

पहिल्यांदाच लावत असाल तर चायना ऑरेंज घ्या. कुंडीत सुखाने राहतं, वर्षभर काहीतरी चालू असतं. कागदीला जागा आणि ऊन दोन्ही जास्त लागतं आणि काटे असतात, लहान मुलं असतील तर विचार करा. कागदीच हवं असेल तर साई शरबती, फुले शरबती (या राहुरीच्या विद्यापीठाच्या) किंवा परभणीच्या प्रमालिनी, विक्रम अशा जातीचं रोप मागा.

बी पेरलं तर चालेल का? कागदीला चालतं, आणि इथे एक मजा आहे. एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब येतात, ती जुळी नव्हेत, त्यातले बहुतेक कोंब आईच्या पेशींपासूनच तयार झालेले असतात म्हणजे हुबेहूब आईसारखे. म्हणून लिंबाची रोपं बियांपासून करायची पद्धत टिकून आहे. फक्त फळाला चार-पाच वर्षं तरी थांबायची तयारी ठेवा. घाई असेल तर गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) किंवा डोळा भरलेलं कलम (दुसऱ्या रोपावर हव्या त्या जातीची कळी बसवून केलेलं) घ्या.

कलम घेतलं तर सगळ्यात महत्त्वाचं ऐका. खालचा खुंट वेगळ्या झाडाचा असतो, आपल्याकडे बहुतेक जंबेरी (खडबडीत सालीचं एक लिंबू) किंवा ते मघाचं रंगपूर. डोळा भरलेल्या जागेच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, ती दिसली की लगेच खुडा. माझ्या शेजारच्या काकांनी तीच जोमदार फूट बघून खूश होऊन जपली, वरचं कलम वाळून गेलं आणि दोन वर्षांनी झाडाला खडबडीत सालीची मोठी आंबट फळं आली, काका अजून म्हणतात माझं लिंबू जात बदलून गेलं. वरच्या भागातून सरळसोट लांब जाणारे पानसोट येतात तेही काढत जा. आणि कलमाचा सांधा मातीच्या बराच वर राहू द्या, तो पुरला की ओलीने बुंधा कुजतो आणि डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग होतो.

पाणी रोज थोडं थोडं घालू नका, वरची माती बोटभर सुकली की भरपूर घाला. कुंडीला खाली भोकं मोकळी आहेत ना ते बघा. शेतकरी बहार धरताना काही दिवस पाणी तोडून ताण देतात मग झाड फुलतं, मृग, हस्त, आंबिया ही बहारांची नावं ऐकली असतील. हस्त बहाराची लिंबं उन्हाळ्यात येतात, म्हणून भाव मिळतो. कुंडीत हा प्रयोग फार ताणू नका, पानं जरा मलूल झाली की पुरे.

कीड: पानावर चंदेरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. फळावर, पानावर खडबडीत तपकिरी ठिपके म्हणजे खैऱ्या, फळ आतून खायला ठीक असतं पण रोगट फांद्या छाटा. आणि पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ते पुसायला जाऊ नका, ती फुलपाखराची अळी, लहानपणी तशीच दिसते म्हणून पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते. मोठ्या झाडावर असेल तर असू द्या, लहान रोप मात्र दोन दिवसात बोडकं करते. कढीपत्ता, बेल, लिंबू ही सगळी एकाच कुळातली, तेव्हा ती अळी हळूच उचलून मोठ्या कढीपत्त्यावर ठेवली तरी तिचं पोट भरतं.

पायरी ५: तोडणं आणि वापरणं

ही फळं तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाहीत. साल पिवळी होईल, गोडी वाढणार नाही. त्यामुळे कुमक्वाट, संत्रं झाडावरच तयार होऊ द्या, एक चाखून बाकीची तोडा. कस्तुरी लिंबू (मी आता हेच म्हणणार) हिरवं असतानाच वापरा, तेव्हा वास सगळ्यात चांगला. पोह्यांवर, मासे तळल्यावर, सरबतात, कुठेही कागदीच्या जागी चालतं, फक्त बिया बऱ्याच असतात म्हणून गाळणीवर पिळा. लोणचं घालताना बिया काढून टाका, चिरडल्या की कडवटपणा उतरतो. पिकून केशरी झालेल्यांचा सालीसकट साखरेत मुरांबा करा, भाचा तो मुरांबा आता बोटांनी चाटतो.

गच्चीवर बसून लिंबं पिळायचा बेत असेल तर थांबा. रस हाताला लागलेला असताना कडक ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात, ते कित्येक आठवडे जात नाहीत. सावलीत पिळा, हात साबणाने धुवा मग उन्हात जा.

आणि तोडताना फळ ओढू नका, पातळ सालीची फळं देठापाशी फाटतात आणि दोन दिवसात तिथूनच बुरशी धरतात. छोटी कात्री घ्या, देठाचा अगदी टीचभर तुकडा फळाला राहू द्या.